उतरता हर्रास

एकशे अकरावा नग म्हणजे दाराशेजारचा वजनकाटा. तो एका भंगारवाल्याने उपकार केल्यासारखा घेतला, तिघा भावंडांतल्या मधल्याने हातोडा आपटला, आणि दुपारी सव्वा वाजता हर्रासघरातली शेवटची जाहीर विक्री आटोपली. गिऱ्हाइकं आपापले नग उचलून गेली. मागे राहिल्या भिंतीवरच्या फिकट चौकोनी खुणा, पुकारा करायचा लाकडी चौथरा आणि पाच खुर्च्या. चौथरा भिंतीतच बसवलेला होता म्हणून राहिला. खुर्च्या विकल्या गेल्या होत्या, पण त्या घेणाऱ्या खानावळवाल्याचा टेम्पो चारला यायचा होता. तोवर घरचे लोक दुसऱ्याच्या खुर्च्यांवर बसले होते.

दारावरची पाटी मात्र अजून आजोबांच्याच अक्षरातली होती: ‘जाहीर हर्रास. दर महिन्याचा पहिला शनिवार.’ मधला गेली दहा वर्षं पत्रकांवर ‘लिलाव’ असं छापत होता. हर्रास म्हणजे काय हे आता लोकांना समजावून सांगावं लागतं, असं त्याचं म्हणणं. पण पाटी उतरवायची तर शिडी आणायला हवी होती आणि शिडीवर कोणीतरी चढायला हवं होतं. त्यामुळे पाटी राहिली आणि आता इमारतीबरोबर फरशीच्या व्यापाऱ्याकडे चालली होती.

थोरली खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. आत्याला आपल्या घरी न्यायचं हे तिने घरून निघतानाच नाही, महिनाभर आधीच ठरवलं होतं. शाळेच्या गणवेशांचे गठ्ठे ज्या खोलीत असायचे ती खोली तिने रिकामी केली होती. शिलाई मशीन पुढच्या खोलीत आणलं होतं. नवऱ्याने बाथरूममध्ये धरायला लोखंडी दांडा ठोकून दिला होता आणि त्यात स्वतःचा अंगठाही ठोकून घेतला होता. हे सगळं तिने कोणालाच सांगितलं नव्हतं, आत्यालासुद्धा नाही. सांगितलं असतं तर आजचा खटाटोप करावाच लागला नसता. पण सांगितलं असतं तर धाकटी काय म्हणाली असती, हेही तिला पक्कं ठाऊक होतं.

“आत्या खाली येतेय ना?” धाकटीने घड्याळ बघत विचारलं. तिचं औषधांचं दुकान होतं, आणि ते आज नोकरावर सोडून आल्याचं तिने आल्यापासून तीनदा सांगून झालं होतं. “मला साडेचारला निघायचंय.”

“येतेय म्हणाली,” मधल्याची बायको म्हणाली. “चिठ्ठी लिहिते म्हणाली.”

“कसली चिठ्ठी?”

“ते नाही सांगितलं. मला दाराबाहेर काढलं आणि दार लावून घेतलं.”

हर्रासघराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. आत्या तिथे जन्मली, तिथेच वाढली. लग्न केलं नाही. थोरल्या भावाने, म्हणजे या तिघांच्या बाबांनी, खाली पुकारा केला आणि आत्याने वर बसून नगांच्या याद्या केल्या. प्रत्येक नगाला दोऱ्याने बांधायची पुठ्ठ्याची चिठ्ठी तिच्या हातची. बाजारात तिला चिठ्ठीबाईच म्हणायचे. बाबा गेले, आई गेली, मधला चौथऱ्यावर उभा राहू लागला, तरी चिठ्ठ्या तिच्याच. मात्र आजोबांनी इमारत मुलाच्या नावावर केली होती, मुलीच्या नाही. इमारत विकली तेव्हा सही करायला तिघा भावंडांना बोलावलं गेलं आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आत्याने त्यांच्यासाठी चहा केला. एक तारखेपासून तिला राहायला जागा नव्हती.

म्हणून उतरता हर्रास.

ही या घराचीच रीत. बाहेर कोणाला सांगितली तर हसतील अशी. विकायच्या वस्तूची बोली चढत जाते, ती गिऱ्हाइकांसाठी. घरातल्या नको असलेल्या कामाची बोली उतरत जाते, ती घरच्यांसाठी. आजोबांनी ती सुरू केली आणि बाबांनी ती मुलांवर चालवली. गटार तुंबलं की तिघांना ओळीत उभं करायचे आणि पुकारायचे, “दहा दिवस झाडलोट माफ! नऊ दिवस! आठ!” ज्याच्या तोंडून पहिला शब्द निघेल त्याच्या गळ्यात काम, आणि त्या आकड्याची माफी त्याची. धाकटी सातावर फुटायची. मधला पाचापर्यंत तग धरायचा. थोरली मात्र ओठ मिटून उभी राहायची, आणि बहुतेकदा दोनाला, कधी एकाला बोलायची. म्हणजे सगळ्यात जास्त वेळा गटार तिनेच काढलं आणि सगळ्यात कमी मोबदल्यात. “थोरलीसारखं थांबणं कोणाला जमत नाही,” बाबा म्हणायचे, आणि ती खूश व्हायची. गटार काढून खूश होणारी ती गल्लीतली एकटीच मुलगी असावी.

मोठेपणी गटाराच्या जागी दुसरी कामं आली. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिघांनी फोनवर उतरता हर्रास केला. त्या वर्षीच्या हर्रासघराच्या उत्पन्नातला वाटा पुकारायचा, रुपयात इतके आणे. या घरात वाटे अजून आण्यांतच मोजले जायचे, सोळा आण्यांचा रुपया धरून. थोरली दोन आण्यांना बोलली, कारण दिवसाची नर्स ठेवायलाच तेवढे लागणार होते. दीड वर्ष तिने आईचं सगळं केलं. पुढे मधल्याच्या मुलीच्या लग्नात, जेवणाच्या टेबलावर, चार परक्या बायकांसमोर धाकटी हसत हसत म्हणाली, “आमची ताई हुशार आहे हं. आईला दोन आण्यांत ठेवलं तिने.” बायका हसल्या. थोरलीही हसली. त्याला नऊ वर्षं झाली, पण ते वाक्य तिच्या घशात अजून जसंच्या तसं अडकलेलं होतं.

यावेळी ती शून्याला बोलणार होती. मधला पुकारत पुकारत खाली येईल, एक आणा म्हणेल, आणि मग शून्य म्हणेल. तेव्हा ती शांतपणे “माझा” म्हणेल. मग धाकटीला म्हणावं, बोल काय बोलायचं ते.

जिन्यावर काठीचा आवाज आला. आत्या एकेक पायरी उतरत आली. अंगात राखाडी स्वेटर, आणि स्वेटरच्या वरच्या गुंडीला दोऱ्याने बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी. चिठ्ठीवर तिच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: ‘नग क्र. ११२.’

“आत्या, हे काय?” मधला उठून उभा राहिला.

“मघाशी एकशे अकरावर संपलं ना? मग पुढचा नंबर काय येतो?”

“अगं, पण चिठ्ठी कशाला बांधून घ्यायची?”

“बिनचिठ्ठीचा नग चौथऱ्यावर चढत नाही. एकोणसाठ वर्षं चिठ्ठ्या लिहिल्या, आता शेवटच्याला चुकारपणा करू?” ती चौथऱ्याकडे चालू लागली. “बाजूला हो. पुकारा मी करणार.”

मधल्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने छताकडे पाहिलं.

“या चौथऱ्यावर बाईमाणूस कधी चढलेलं नाही,” मधला म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याचं त्यालाच कसंतरी वाटलं.

“म्हणून तर. उद्या फरशीवाला तोडणार आहे. आज नाही तर कधी चढू? आणि तू पुकारलंस तर तुला बोली लावता येणार नाही. तिघांनाही संधी नको का?”

मधल्याने तिला हात दिला. ती दोन पायऱ्या चढली, काठी कठड्याला टेकवली, हातोडा उचलून त्याचं वजन बघितलं. मग स्वेटरच्या खिशातून एक बंद पाकीट काढून समोर ठेवलं.

“हे काय आता?” धाकटी म्हणाली.

“राखीव भाव.”

“उतरत्याला राखीव भाव कशाला? गटाराला कधी होता?”

“गटाराला मालक नव्हता. ज्याचा नग, तो राखीव भाव ठरवतो आणि पाकिटात बंद करतो. मालकाने किमान भाव ठरवला तर त्याच्या खाली नग द्यायचा नाही, हा नियम तुझ्या आजोबांचा. तो उतरत्यालाही लागतो. भाव त्याच्या खाली गेला की नग परत.”

थोरलीने पाकिटाकडे नजर टाकली आणि सोडून दिली. आत्याला शेवटचा दिवस रीतसर साजरा करायचाय, करू दे. पाकिटात शून्य असणार. दुसरं काय लिहिणार ती? भाचरांकडून जास्त पैसे काढायला बसलेली बाई ती नव्हेच.

“बसा सगळे,” आत्या म्हणाली. तिचा आवाज बारीक होता, पण रिकाम्या हॉलमध्ये तो भिंतीपर्यंत पोहोचत होता. “इमारतीची जी किंमत आली, तिचे तीन वाटे व्हायचेत. त्याआधी नग उचलणाऱ्याला बोलीइतका हिस्सा बाजूला काढून द्यायचा. कबूल?”

“कबूल,” मधला म्हणाला. धाकटीने मान डोलावली. थोरली नुसतीच बसून राहिली.

“दोष आधी, बोली नंतर,” आत्या म्हणाली. तिच्या मागच्या भिंतीवर आजोबांनी रंगवलेले नियम होते, त्यातला हा पहिला. तिने चष्मा सारखा केला आणि घडी घातलेला कागद उघडला. “नग एकशे बारा. एक आत्या. बनावट जुनी, डागडुजी दोनदा. डावा गुडघा कामाचा नाही. उजवा काम करतो पण कुरकुर करतो. डाव्या कानाने ऐकू येत नाही, आणि उजव्या कानाने नको ते ऐकू येतं. रात्रीतून दोनदा उठते. उठली की दिवा लावते आणि घालवायला विसरते.”

मधल्याची बायको फसकन हसली आणि तोंडावर हात ठेवला.

“हसू नकोस, घेणाऱ्याला सांगायला हवं. चहा लागतो, सकाळी पाचला, साखर कमी. कमी म्हणजे कमी, बंद नाही. दुसऱ्याच्या हातच्या स्वयंपाकाला नावं ठेवते. खोटं बोलत नाही, त्यामुळे पाहुण्यांसमोर ठेवायला अडचण. औषधाची गोळी घेतली म्हणते आणि उशीखाली ठेवते.”

“आत्या!” धाकटी म्हणाली. “तरी मी विचार करते, बीपी खाली कसं येत नाही!”

“म्हटलं ना, खोटं बोलत नाही. विचारलं नाहीस तर सांगत नाही, एवढंच.” तिने कागद उलटा केला. “टिकाऊपणा. डॉक्टर म्हणतात अजून पाच-सात वर्षं. डॉक्टरांचा अंदाज याआधी दोनदा चुकलेला आहे. हमी नाही.”

कागदाची घडी घालून तिने तो खिशात ठेवला. आता कोणी हसत नव्हतं. थोरलीला एकदम वाटलं की उठावं, तिला हाताला धरून खाली उतरवावं आणि म्हणावं, पुरे झालं, चल घरी. तिने पर्सचा बंद घट्ट धरला. थोडेच आकडे ऐकायचे होते, की मग झालंच.

“चार आणे!” आत्याने पुकारलं.

कोणी हललं नाही. या घरात हलायची सवयच कोणाला नव्हती. हर्रासघरात वाढलेल्या मुलांना चालायच्या आधी स्वस्थ बसायला शिकवलं जायचं, कारण इथे मान हलली की बोली धरली जाते. धाकटीने सहा वर्षांची असताना कान खाजवला होता आणि एक मोडकी आरामखुर्ची घरात आली होती. ती खुर्ची दहा वर्षं जिन्याखाली राहिली, आणि तिच्याकडे बोट दाखवून तिघांना स्वस्थ बसायचं वळण लावलं गेलं.

“साडेतीन आणे. तीन आणे.”

मधला गुडघ्यांवर हात ठेवून समोर बघत होता. धाकटी स्वतःच्या बुटांकडे बघत होती. मधल्याची बायको तिघांकडे आळीपाळीने बघत होती. ती बाहेरून आलेली, तिला या बोलीत तोंड उघडायचा हक्क नव्हता.

“अडीच. दोन.”

दोनाला थोरलीच्या घशातलं ते वाक्य हललं. आत्याने तिच्याकडे पाहिलं, नंतर मधल्याकडे, नंतर धाकटीकडे. बाबा पुकारताना जसे प्रत्येक चेहऱ्यावर थांबायचे तशी ती थांबत होती. फक्त बाबांना चेहऱ्यात काहीतरी सापडायचं.

“दीड आणा.”

बाहेर रस्त्यावर कोणीतरी पत्र्याचं शटर खाली ओढलं.

“एक आणा.” ती जरा थांबली. “एक आणा, एक वार.”

आता, थोरलीने मनात म्हटलं. आता एक वार, दोन वार, आणि मग शून्य.

“एक आणा, दोन वार.” आत्याने हातोडा उचलला. तो तिला दोन्ही हातांनी उचलावा लागला. “एक आणा. तीन वार.”

हातोडा पडला.

तो आवाज थोरलीने आयुष्यात हजारो वेळा ऐकला होता. तरी तो आत्ता कशाचा आला, हे कळायला तिला वेळ लागला.

“नग क्रमांक एकशे बारा,” आत्या म्हणाली, “बोली नाही. नग परत.”

“थांब, थांब,” मधला उठला. “शून्य कुठे पुकारलंस?”

“शून्याच्या आधीच राखीव भाव आला.” तिने पाकीट फोडलं आणि आतला कागद त्याच्यापुढे धरला. त्यावर एकच ओळ होती. मधल्याने ती मोठ्याने वाचली.

“‘एक आणा. त्याखाली नग देणे नाही.’”

“पण का?” धाकटीचा आवाज चढला. “आम्ही फुकट ठेवायला तयार असलो तरी?”

“म्हणूनच,” आत्या म्हणाली. “मागच्या अंगणात जाऊन बघ. फुकटात दिलेले नग तिथे पडलेत. एक शिंप्याचं टेबल आहे, दोन पत्र्याच्या पेट्या आहेत, आरशाची चौकट आहे. घेणाऱ्यांनी हौसेने हो म्हटलं आणि न्यायला कोणी आलं नाही. ज्याने चार पैसे मोजले तो दुसऱ्या दिवशी सकाळी हातगाडी घेऊन येतो. आणि ज्याने फुकट नेलं त्याने ते घरी कुठे ठेवलं, हेही मी बघितलंय. मला कोणाच्या उपकारावर कोपऱ्यात पडायचं नाही. करणाऱ्याने हक्काने आणा घ्यावा, आणि मीही हक्काने पाचला चहा मागावा.”

“मी शून्याला बोलणारच होतो,” मधला म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. “आई शपथ. मोबदला घेऊन तुला कसं न्यायचं?”

“मीसुद्धा,” धाकटी म्हणाली. “मीसुद्धा शून्यालाच थांबले होते.”

“तू सातावर फुटणारी मुलगी,” मधला म्हणाला.

“तेव्हा गटार होतं! आत्या गटार आहे का?”

“म्हणजे तिघंही शून्यावर टपून बसला होता?” आत्याने तिघांकडे पाहिलं आणि हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला. मधल्याची बायको पाणी घेऊन धावली. पाणी पिऊन झाल्यावर मात्र आत्याचा चेहरा उतरलेला होता. “असेल बाबा. तुम्ही म्हणता तर असेल. मला वरून तीन गप्प चेहरे दिसले, एवढंच.”

मधला खरं बोलत होता की नाही, धाकटी खरं बोलत होती की नाही, हे थोरलीला त्या दिवशीही कळलं नाही आणि नंतरही कधी कळलं नाही. स्वतःचं मात्र तिला चांगलंच कळलं. तिचा चेहराही त्या तिघांतला एक होता. तिच्या शून्यात आत्या कमी होती आणि धाकटीला द्यायचं उत्तर जास्त होतं.

“बरं, मग पुन्हा पुकार,” धाकटी म्हणाली. “यावेळी कळलंय सगळ्यांना.”

“त्याच दिवशी तोच नग पुन्हा पुकारायचा नाही.” आत्याने मागे न बघता काठीने भिंतीवरच्या नियमाकडे बोट केलं. “आणि पुढचा पहिला शनिवार या हॉलला येणार नाही. नग मालकाकडे परत. मालक मीच. पुस्तकं बांधणाऱ्याच्या वर एक खोली आहे, त्याच्याशी बोलून ठेवलंय. जिना जरा उभा आहे, पण माणूस बरा आहे.”

“तू आधीच बोलून ठेवलंस?” मधला खाली बसला.

“न विकलेला नग कुठे न्यायचा, हे मालकाला आधीच ठरवून ठेवावं लागतं. तुझे बाबा प्रत्येकाला बजावायचे.”

तिने चिठ्ठीची गाठ सोडायला घेतली. गाठ सुटत नव्हती. या गाठी तिच्याच हातच्या, हिसका दिला तरी न सुटणाऱ्या.

थोरली उठली. पर्स खुर्चीवर राहिली. चौथऱ्याच्या दोन पायऱ्या चढून ती आत्याच्या समोर उभी राहिली आणि तिने चिठ्ठीवर हात ठेवला.

“मालकीणबाई,” ती म्हणाली, “परत गेलेला नग खाजगीत द्यायचा असतो कधी कधी. बाबा द्यायचे.”

आत्याने चष्म्यावरून पाहिलं. “द्यायचे. मालकाची मर्जी असेल तर.”

“मला हवाय.”

“भाव?”

थोरलीच्या तोंडात शून्य तयारच होतं. महिनाभर तिने तेच घोकलं होतं.

“शून्य,” ती म्हणाली.

“नाही,” आत्या म्हणाली आणि पुन्हा गाठीला लागली.

धाकटी पाठीमागे, चार हातांवर बसली होती. थोरलीला तिच्याकडे वळून बघायची गरज नव्हती. ती काय म्हणेल, कुठल्या लग्नात म्हणेल, कोणत्या बायकांसमोर म्हणेल, हे सगळं तिला आत्ताच ऐकू येत होतं.

“घरी खोली रिकामी करून ठेवलीये,” ती म्हणाली. “मशीन पुढे आणलंय. बाथरूममध्ये दांडा लावलाय. ह्यांचा अंगठा अजून काळानिळा आहे.”

“मग हे आधी का नाही बोललीस?”

“थांबले होते.”

“किती थांबायचं असतं, थोरले?”

थोरलीने डोळे पुसले नाहीत. ते तसेच वाहू दिले आणि सरळ उभी राहून, हर्रासघरात बोली लावतात तशा स्वच्छ आवाजात म्हणाली, “एक आणा.”

“शेवटी घेतलासच ना आणा, ताई,” धाकटी मागून म्हणाली. तिला बोचायचं होतं की नुसतं निघून गेलं, कोण जाणे.

“घेतला,” थोरली मागे न वळता म्हणाली. “आणि तू हे कुठे सांगशील तिथे मलाही बोलाव. पाच वाजताच्या चहाचंही मी सांगेन.”

मधल्याच्या बायकोने पहिल्यांदाच मोठ्याने हसून घेतलं. धाकटीने पर्समधून आत्याच्या गोळ्यांचं पाकीट काढलं आणि थोरलीच्या रिकाम्या खुर्चीवर, तिच्या पर्सच्या शेजारी ठेवलं.

“पुस्तक आण रे,” आत्याने मधल्याला सांगितलं.

ताब्याचं पुस्तक म्हणजे जाड पुठ्ठ्याची वही. नग नेणाऱ्याने तिच्यात सही करायची, नाहीतर हमाल नगाला हात लावत नसे. शेवटच्या पानावर आजच्या वजनकाट्याखाली दोन ओळींची जागा उरली होती. आत्याने तिथे लिहिलं: ‘११२. आत्या, एक. खाजगीत, एक आणा.’ त्यापुढे या घरात प्रत्येक नगापुढे लिहिलं जाणारं वाक्य तिने लिहिलं: ‘नग दोषांसह पाहून घेतला. तक्रार नाही.’ थोरलीने सही केली. बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला आणि मधला खुर्च्या दाराशी न्यायला उठला.

आत्याने पेन परत दिलं नाही. तिने वही आपल्याकडे ओढली आणि उरलेल्या एका ओळीवर वाकली. टपोरं अक्षर बारीक करत करत ती बराच वेळ लिहीत होती. मग वही थोरलीकडे फिरवली.

‘थोरली, एक. वय चोपन्न. हातोडा पडेपर्यंत तोंड उघडत नाही, हा मोठा दोष. दोषासह पाहून घेतली. तक्रार नाही.’ खाली आत्याची सही होती.